इवायांचं झाकलेलं खातं

आपल्याजवळ किती आहे हे दुसऱ्याला कळू न देण्याचा हक्क हा माणसाच्या सर्व हक्कांमध्ये सर्वांत जुना असला पाहिजे, आणि गोदावरीच्या अलीकडच्या तीरावर या हक्काचं रक्षण गेली कित्येक वर्षं एकच माणूस एकहाती करत आला आहे. सरकार, बँक, आयकर खातं, भावकी, सोयाबीनचे व्यापारी आणि अलीकडे जर्मनी, एवढ्या शक्ती विरुद्ध बाजूला उभ्या असताना त्यानं माघार घेतलेली नाही. हा माणूस माझा इवाई आहे. पुण्याकडं ज्याला व्याही म्हणतात त्याला आम्ही इवाई म्हणतो. म्हणजे माझी मुलगी त्यांच्या घरी दिलेली आहे. मुलगी आणि जावई सहा वर्षांपासून जर्मनीत आहेत, मी ग्रंथालयातली नोकरी संपवून जालन्यात आहे आणि इवाई घनसावंगीपासून जीपनं वीस मिनिटांवर असलेल्या आपल्या गावात, चारी बाजूंनी सावध, राहतात. गुपित जपण्यासाठी त्यांनी जेवढा त्रास काढला तेवढा लोक गुपित मिळवण्यासाठीही काढत नाहीत. त्यांच्याजवळ लपवण्यासारखं नेमकं काय आहे, हे मात्र बरीच वर्षं मला समजलेलं नव्हतं.

इवाई तलाठी होते. तीस वर्षं त्यांनी या तालुक्यातले सातबारे लिहिले. कोणाच्या नावावर किती एकर, बांधावरची चिंच कोणाची, विहिरीत कोणाचा किती हिस्सा, कोणत्या भावानं कोणाचं नाव कधी कमी करून घेतलं, हे सगळं त्यांच्या दप्तरात होतं आणि दप्तरापेक्षा जास्त डोक्यात होतं. लग्नाच्या पंगतीत ते बसले की आजूबाजूची माणसं जरा आवरून जेवत, कारण समोरच्याचं क्षेत्र, आकार आणि बोजा या माणसाला तोंडपाठ आहे हे प्रत्येकाला ठाऊक असे. निवृत्तीच्या सत्काराला उत्तर देताना ते एवढंच म्हणाले होते, "तीस वर्षं म्या लोकायचं उघडं करून ठिवलं. आता सोताचं झाकतो." लोकांनी टाळ्या वाजवल्या, कारण तो विनोद आहे असं त्यांना वाटलं. दुसऱ्या दिवसापासून इवायांनी झाकायला सुरुवात केली.

झाकण्याची त्यांची म्हणून एक पद्धत आहे. पासबुक ते प्रेशर कुकरच्या हमीपत्राच्या पाकिटात ठेवतात. तो कुकर विहीणबाईंनी केव्हाच मोडीत दिला, त्यामुळे घरात नसलेल्या कुकरचं हमीपत्र इतकं जपून का ठेवलंय असा संशय ज्याला येईल त्याला पासबुक सापडू शकतं, पण हे इवायांच्या लक्षात कोणी आणून दिलेलं नाही. बँकेत पासबुक छापण्याचं यंत्र आहे. त्यावर ते खांद्यावरचा रुमाल पसरतात, मगच पासबुक आत सरकवतात. एकदा रुमालाचं टोक आत ओढलं गेलं आणि तीन महिन्यांच्या नोंदी त्यावर छापून आल्या. तो रुमाल त्यांनी पुन्हा वापरला नाही आणि फेकलाही नाही, कारण आता ते दप्तर झालं होतं. घनसावंगीच्या एटीएमसमोर त्यांच्या भावकीतल्या एकाचं पानाचं दुकान आहे, म्हणून पैसे काढायला ते जीपनं अंबडला जातात. तिथंही थेट आकडे दाबत नाहीत. मागं कोणी बघत असेल तर त्याचा घोटाळा व्हावा म्हणून आधी दोन खोटे आकडे दाबतात. घोटाळा यंत्राचा होतो आणि कार्ड आत राहतं. असं दोनदा झालं. मी हळहळलो तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "यंत्रानं गिळलं तर गिळलं, इवाई. यंत्र कोणाला सांगत न्हाई."

मोबाइल त्यांच्याकडं आहे, पण त्याचा नंबर विहीणबाई, मी आणि रोज सकाळी 'आपल्याला कर्ज हवंय का' असं विचारणारी एक बाई अशा तिघांनाच माहीत आहे. त्या बाईला तो कोणी दिला याचा तपास अजून चालू आहे. ओटीपी कोणालाही सांगू नका, ही सरकारची एकच सूचना त्यांना मनापासून पटलेली आहे आणि ती ते इतक्या कसोशीनं पाळतात की एकदा गॅसवाल्यासमोर उभे राहून, सिलेंडर दारात असताना, त्यांनी त्याला ओटीपी सांगितला नाही. सिलेंडर परत गेला. विहीणबाईंनी तीन दिवस चुलीवर स्वयंपाक केला आणि तीनही दिवस ज्वारीच्या भाकरी फार चांगल्या झाल्या, हा पुरावा इवाई अजून देतात. बँकेनं जेव्हा पहिल्यांदा खात्याला जोडायला मोबाइल नंबर मागितला तेव्हाही "माझा भेटणार न्हाई" असं सांगून त्यांनी प्रकरण तिथल्या तिथं मिटवलं होतं. कसं मिटवलं ते मी पुढं सांगणार आहे.

आमच्या भागात अशा माणसाचं जगणं सोपं नाही हे मान्य केलं पाहिजे. जालना जिल्ह्यात पाहुणा ओसरीवर टेकला की पहिला प्रश्न 'कधी आलात' आणि दुसरा 'पोराला पगार किती' हा असतो. यात कोणाला काही गैर वाटत नाही. पाणी देण्याइतकीच ती साधी रीत आहे. इवायांचा मुलगा जर्मनीत, त्यामुळे पारावरच्या टपरीत त्यांना हा प्रश्न हंगामानुसार नव्यानं विचारला जातो. ते ठरलेलं उत्तर देतात: "भागतंय." "तरी किती?" "भागण्याइतका." "आपल्या पैशात सांगा की." "आपल्या पैशात बी भागतंय." एकानं तर मधूनच बाण सोडला होता, "तलाठी, तुम्ही आमच्या बापाच्या टायमापास्नं आमचं सगळं लिहून ठिवलं, आन् एक आकडा सांगायला तुमचं तोंड दुखतंय व्हय?" इवाई चहा संपवून उठले आणि म्हणाले, "तुमचं लिहायचा मला पगार होता."

आमच्या मुलांच्या लग्नात त्यांनी आहेर माइकवरून वाचायला बंदी केली होती. आमच्याकडं मंगल परिणय लागला, जेवणं सुरू झाली की मांडवात एक जण माइक धरून बसतो आणि कोणाकडून किती आले ते गावाला ऐकवतो. पुष्कळ लोक जेवणासाठी नाही तर आपलं नाव ऐकण्यासाठी थांबतात. इवायांनी जाहीर केलं की आहेर पाकिटातच राहील. परिणाम असा झाला की हसनाबादचे त्यांचे एक मामेभाऊ, ज्यांनी खिशात मोठी नोट तयार ठेवली होती, ती परत घडी करून ठेवून एक्कावन्न रुपये देऊन गेले, आणि त्यांच्यामागून रांगेतल्या सगळ्यांनी तसंच केलं. त्या लग्नात जमलेला आहेर मंडपवाल्यालाही पुरला नाही. इवाई मात्र खूश होते. "कोणी किती दिले कोणालाच कळलं न्हाई," ते मला म्हणाले. सगळ्यांनी सारखेच दिले होते, त्यामुळे ते खरं तर सगळ्यांनाच कळलं होतं.

असा हा माणूस गेल्या मार्चमध्ये एका दुपारी, न कळवता, जालन्याला आमच्या घरी आला. जयभीम झाला, पाणी झालं, चहा झाला. उन्हाचं बोलून झालं, कापसाच्या भावाचं झालं. मग त्यांनी उठून खिडकी लावली आणि विचारलं, "इवाई, सूनबाईचा जन्म कुठला म्हणायचा?"

मी म्हणालो, "जालन्याचा. सरकारी दवाखान्यात."

"तारीख?"

मी तारीख सांगितली. त्यांनी ती बसच्या तिकिटाच्या मागं लिहिली, तिकिटाची घडी घातली आणि चष्म्याच्या घरात ठेवली. "बराबर. वैनीला काही सांगू नका," असं म्हणून ते चारच्या गाडीनं निघून गेले. वैनी म्हणजे माझी बायको त्या वेळी दारामागं उभी होती.

आमच्या दोन्ही घरांत पत्रिका बघण्याचा प्रकार नाही. आमच्या आजोबांच्या पिढीनं तो सोडला आणि नंतर कोणाला त्याची आठवणही झाली नाही. त्यामुळं सासऱ्यानं सुनेची जन्मतारीख शोधत फिरण्याचं निर्दोष कारण आम्हाला सुचेना. सदोष कारणं मात्र बायकोला भराभर सुचत गेली. "तिकडं काहीतरी बिघडलंय," ती म्हणाली. "कागदपत्रं जमा करून राह्यलेत. कोर्टातबी आधी हेच विचारतात." तिनं मुलीला फोन लावला आणि थेट काही न विचारता, वरणाला फोडणी कशाची दिली, ताटं किती वाढली, जावई कोणत्या खोलीत बसलेत, अशी आडून चौकशी केली. मुलगी म्हणाली ते दुकानातून पाव आणायला गेलेत. "घर सोडून गेलाय," बायकोनं फोन ठेवून मला सांगितलं. चौथ्या दिवशी तिनं जेवायचं ताट तसंच ठेवलं आणि मी घनसावंगीची बस धरली.

गावात पोहोचलो तर इवाई घरी नव्हते. विहीणबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. "बँकेत गेलेत, भाऊ," त्या म्हणाल्या. "महिना झाला, कसलं तरी पत्र आलंय बँकेचं. उशीखाली घेऊन झोपू राह्यलेत. मी इचारलं तर म्हणले, परराष्ट्राचा मामला हाय." त्यांनी एक शेंग फोडली. "घरात मीठ संपलंय ते दिसत न्हाई, आन् परराष्ट्र बघू राह्यलेत."

मी तसाच घनसावंगीला मागं आलो आणि बँकेत शिरलो. इवाई शाखाधिकारी बाईंच्या टेबलासमोर, पाठ सगळ्या बँकेकडं करून, बसले होते. बाई तरुण होत्या, नाशिककडून नुकत्या बदलून आल्या होत्या आणि त्यांचा आवाज खणखणीत होता. मी ओळख सांगताच त्या उभ्या राहिल्या. "बरं झालं आलात. तुमच्या मुलीच्या खात्याचंच काम आहे," त्यांनी सांगितलं. रांगेतली सहा-सात माणसं वळली. त्यातला एक पारावरचा होता. इवायांनी डोळे मिटून घेतले.

प्रकार असा होता. सहा वर्षांपूर्वी, मुलगी जर्मनीला निघाली त्याच्या आदल्या आठवड्यात, इवायांनी तिच्या आणि स्वतःच्या नावानं एक खातं उघडलं होतं. पहिलं नाव तिचं. विहिरीवरच्या चार एकरांतल्या सोयाबीनचा सगळा पैसा दर साल त्यात जात होता, आणि ही गोष्ट त्यांनी मुलाला, मला, विहीणबाईंना, कोणालाही सांगितलेली नव्हती. गॅसचे आणि रेशनकार्डाचे कागद पुढं ठेवले होते त्यातच हा एक कागद सरकवला आणि सूनबाईला म्हणाले, सही कर, विचारू नको. आता बँकेचं पत्र आलं होतं. खातेदार परदेशात राहते, तेव्हा तिथं ती कर भरते का, तिथला तिचा नंबर काय, जन्म कुठला, हे सगळं एका फॉर्मवर लिहून महिनाअखेर द्यायचं. नाही दिलं तर खातं थांबणार. दिलं तर खात्याची माहिती जर्मनीच्या सरकारला जाणार.

"तिकडं कशापायी पाठवायची?" इवायांनी बाईंना बहुधा चौथ्यांदा विचारलं.

"सर, करार आहे. ते त्यांच्याकडची आपल्याला देतात, आपण आपल्याकडची त्यांना देतो."

"हरकती मागवतेत का?"

"कसल्या हरकती?"

"आम्ही फेरफाराची नोट टाकली की चावडीवर नोटीस लावायचो. पंधरा दिवस. कोणाची हरकत असंल तर त्यानं यावं."

"हरकत घेता येत नाही, सर."

"मंग ह्ये काय काम झालं?" इवाई म्हणाले. त्यांना या फॉर्मवर जितका राग होता तितकंच कौतुकही होतं, कारण तो फॉर्म उचलून ते मला दाखवू लागले. रकाने बारीक, सूचना मागच्या पानावर, एक गोष्ट तीन ठिकाणी लिहायची. "नमुना चांगला काढलाय," ते म्हणाले. "ज्यानं केला तो महसूलचाच असंल." मग आवाज खाली आणून त्यांनी बाईंना विचारलं, "ह्ये किती लोकं वाचत्याल?"

"लोक नाही वाचत. सगळं कंप्युटरवर असतं."

"सातबारा आनलाइन केला तवा बी आम्हाला हेच सांगितलं व्हतं. आता कोणी बी उठतंय आन् अमेरिकेत बसून माझा बांध बघतंय."

दुसरे खातेदार म्हणून त्यांचीही माहिती हवी होती. जन्मतारीख विचारल्यावर ते म्हणाले, एक जून. बाईंनी मान वर न करता सांगितलं की आज सकाळपासून एक जूनचे ते पाचवे. आमच्या पिढीतल्या निम्म्या तालुक्याला शाळेत घालताना गुरुजींनी ही एकच तारीख लावून टाकली आहे. बापाला खरी ठाऊक नसे आणि गुरुजींना वेळ नसे. "ही गुरुजींनी दिलेली हाय," इवाई समाधानानं म्हणाले. "खरी म्या कोणाला देत न्हाई." आयुष्यात मिळालेलं ते त्यांचं पहिलं संरक्षण असावं. मग त्यांनी खरा प्रश्न विचारला. तिकडं हा कागद कोणाच्या हातात पडतो?

"कर खात्याच्या. पण तिकडे नवरा-बायकोचं विवरणपत्र बहुतेक एकत्रच असतं म्हणतात," बाई म्हणाल्या.

इवायांनी फॉर्म टेबलावर ठेवला. रुमाल काढून तोंड पुसलं. "म्हंजे पोराला कळणार," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज पाठीमागच्या रांगेला ऐकू जाईल इतका मोठा होता.

आम्ही बाहेर आलो आणि जीप थांबतात तिथल्या टपरीवर बसलो. मला बायकोचं ताट आठवत होतं आणि थोडा रागही होता. मी म्हणालो, "इवाई, सुनेच्या नावानं पैसे ठेवले, चांगलंच केलं. त्यात लपवण्यासारखं काय आहे?"

"पोराला कळलं तर म्हणंल, बापाचा माझ्यावर इस्वास न्हाई. तुम्हाला कळलं तर म्हणताल, आमच्या पोरीला ह्या घरात कायी कमी पडनारे का, म्हणून तजवीज करून राह्यलेत." हे अगदी खरं होतं, गेले चार दिवस माझ्या घरात हेच चाललं होतं. त्यांनी चहाचा कप हातात फिरवला. "म्या तीस वर्षांत हक्कसोडीचे किती फेरफार लिहिले त्याचा मेळ न्हाई. बाप गेला की भाऊ बहिणीला घेऊन यायचे. तिला साडीचोळी घ्यायचे. ती सही करायची, आन् मी तिचं नाव कमी करायचो. लाल शाईनं. कायद्यानं सगळं बराबर."

मी माझा चहा संपवला.

"आमचा बाप गेला तवा माझी बहीण बी आल्ती. मी दुसऱ्या सज्जाला नोकरीवर व्हतो, पण मजकूर म्याच लिहून दिल्ता. माझं अक्षर चांगलं हाय." त्यांनी कप खाली ठेवला. "तिनं इचारलं न्हाई, भाऊ, कशावर सही करून राह्यले. म्या सांगितलं न्हाई. विहिरीवरचं तेच चार एकर. आता ती बी न्हाई."

जीपवाला अंबड, अंबड ओरडत होता. आमच्या शेजारी एक माणूस कांद्याच्या गोणीवर बसून आम्हा दोघांकडं बघत होता, आणि इवायांनी, माझ्या माहितीत पहिल्यांदाच, त्याच्याकडं लक्ष दिलं नाही.

थोड्या वेळानं ते पुन्हा आपल्या नेहमीच्या आवाजात आले. खातं थांबवायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. "थांबलं तर तिचं नाव पुन्हा कमी झाल्यासारखंच हाय. पोराला कळलं तर कळू द्या, मी बघून घेतो." फॉर्म बाई मुलीच्या मेलवर पाठवणार होत्या. मी मुलीला फोन करून एवढंच सांगायचं होतं की एक कागद येईल, त्यावर नंबर टाकून सही कर, विचारू नको. "आन् हितून नका करू," ते म्हणाले. "हितं सगळ्यायला ऐकू जातंय."

मी बसस्थानकाच्या मागं, रसवंतीच्या पलीकडं जाऊन फोन लावला. मुलीला म्हणालो, "तुला बँकेचा एक कागद येईल. त्यावर सही करून पाठव. कशाचा ते विचारू नको."

"गॅसच्या खात्याचा का?" ती म्हणाली.

पलीकडं ती हसत होती. "बाबा, लहानपणापासून तुम्हीच बजावलंय ना, वाचल्याशिवाय कशावर सही करायची नाही म्हणून. गॅसच्या कागदात पासबुकासाठी माझा फोटो कशाला लागेल? मी तेव्हाच वाचलं होतं. आणि नसतं वाचलं तरी कळलंच असतं. बँकेनं त्यांचा मोबाइल नंबर मागितला तेव्हा त्यांनी आपला नाही दिला, माझा देऊन टाकला. दर सोयाबीनला मला मेसेज येतो. व्याजाचा वेगळा येतो."

"जावईबापूंना माहीत आहे?"

"ते व्याज आम्ही इथल्या विवरणपत्रात दरवर्षी दाखवतो, बाबा. तो रकाना तेच भरतात." म्हणजे जर्मनीच्या सरकारला जे पाच वर्षांपासून ठाऊक होतं ते मुलीच्या बापाला घनसावंगीच्या रसवंतीमागं आज कळत होतं. मी विचारलं, मग त्यांना एकदा सांगून का टाकत नाही? ती म्हणाली, "मामंजी सासूबाईंच्या फोनवरून दर वेळी विचारतात, सूनबाई, पैशाची काही अडचण न्हाई ना. मी म्हणते, नाही. मग ते म्हणतात, पडली तर काळजी करू नको, आणि पुढं काहीच सांगत नाहीत. पण त्यांचा आवाज इतका खूश असतो. तो कशाला घालवायचा? तुम्ही पण सांगू नका."

मी परत आलो तेव्हा इवाई उठून उभे होते. "काय म्हणली?"

"करते म्हणाली."

"कशाचा हाय, इचारलं न्हाई?"

"न्हाई," मी म्हणालो.

ते खाली बसले. "गुणाची हाय," ते म्हणाले. "त्या बी इचारत नसायच्या." मघाशी 'ती' म्हटलेल्या बहिणीला ते आता अहोजाहो करत होते.

तिसऱ्या दिवशी फॉर्म सही होऊन आला आणि माहिती घनसावंगीहून वर, वरून दिल्लीला आणि दिल्लीहून जर्मनीला रीतसर रवाना झाली. जावयाकडून काही विचारणा आली नाही, याचं इवायांना आधी नवल आणि मग समाधान वाटलं. तिकडच्या सरकारनं गोष्ट पोटात ठेवली, असा त्यांनी अर्थ लावला आहे आणि तेव्हापासून ते जर्मन लोकांविषयी आदरानं बोलतात. आमच्या बायकोला मी सगळं सांगितलं. ती जेवली, आणि दुसऱ्या दिवशी तिनं इवायांसाठी धपाटे बांधून दिले, कारण सांगितलं नाही. महिन्यातून एकदा ते जालन्याला येतात, चहा घेतात, खिडकी लावतात आणि म्हणतात, "त्या गोष्टीचं कुठं बोलू नका, इवाई." मी न्हाई म्हणतो. तेवढ्यासाठी ते बसचं तिकीट काढून येतात, आणि हल्ली महिना उलटून गेला तर मीच खिडकीतून बसथांब्याकडं बघत बसतो.

एकदा माहिती देशाबाहेर गेल्यानंतर जास्त सावध राहिलं पाहिजे, म्हणून त्यांनी बँकेत अर्ज देऊन खात्याचा मोबाइल नंबर बदलून घेतला आहे. आता माझा दिला आहे. या दिवाळीनंतर सोयाबीन विकलं तेव्हा मला मेसेज आला. तो मी मुलीला पाठवला, तिनं जावयाला पाठवला आणि त्यांनी तो रकान्यात भरला.